शेतात पुरलेली भांडी

प्रश्न : विसर्जनाच्या रात्री किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढं केव्हातरी आमच्या शेतात परगावची माणसं आली. त्यांनी चारी दिशांना वायरी ओढल्या, टोकांना भांडी पुरली, एक लांब नळा मातीत आडवा निजवला आणि रात्रभर मुक्काम केला. ‘जमिनीतली वीज मोजतोय’ म्हणाले. आजोबांना वाटलं, हे लोक जमिनीत करंट सोडताहेत, पुन्हा हादरा बसणार. ते नेमकं काय करत होते? त्यांना काही सापडलं का?
— एक शिक्षिका, औसा तालुका

उत्तर : आजोबांना भीती वाटणं साहजिकच होतं. पण त्या लोकांनी जमिनीत काही सोडलं नव्हतं. जी वीज जमिनीत कायमच वाहते, तीच ते मोजत होते. मी त्या चमूत नव्हते. मात्र हेच काम मी पुढं अठरा वर्षं केलं, त्यातले दोन हंगाम तुमच्याच शेजारी उमरगा पट्ट्यात, म्हणून खात्रीनं सांगते.

सूर्याकडून सतत कणांचा वारा येतो आणि त्यानं पृथ्वीचं चुंबकक्षेत्र हलकं हलकं डोलतं. जगात कुठं ना कुठं विजा कडाडत असतात, त्यांच्याही लहरी सगळीकडं पसरतात. या लहरी जमिनीत शिरल्या की खडकांत अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतात. भांडी प्रवाहाची बाजू टिपतात, नळा चुंबकाची. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की खालचा खडक विजेला किती अडवतो ते कळतं. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात.

खोली कळते ती लहरीच्या संथपणावरून. जलद लहर वरच्या थरातच विरते, संथ लहर खोल जाते. खडक मध्यम रोधाचा, म्हणजे १०० ओहम-मीटरचा धरला, तर एका सेकंदात एक हेलकावा घेणारी लहर साधारण ५ किलोमीटर उतरते आणि १०० सेकंदांत एक हेलकावा घेणारी ५० किलोमीटर. खोली दहापट हवी तर संथपणा शंभरपट. हजार सेकंदांचा एक हेलकावा म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं. रात्रभर बसलं तरी असे हेलकावे हाताला लागतात चाळीसेक. मुक्काम त्यासाठी असतो.

ती भांडी म्हणजे सच्छिद्र बुडाचे डबे, आत शिशाची पट्टी आणि शिशाच्या क्षाराचा गाळ. नुसती लोखंडी सळई ठोकली तर ओल्या मातीशी तिची स्वतःचीच बॅटरी तयार होते आणि ती खरा आकडा बुडवून टाकते. म्हणून हा खटाटोप. खड्डा हातभर खोल, म्हणजे उन्हानं डबा तापत नाही. तळाशी मिठाच्या पाण्यात कालवलेला चिखल. वायर जमिनीला चिकटून टाकायची आणि दर पावलावर तिच्यावर ढेकूळ ठेवायचं, कारण वाऱ्यानं वायर हलली तरी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात तिच्यात वीज उपजते. तुमच्याकडच्या काळ्या रानात ढेकळांना तोटा नाही.

आता सापडलं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूकंप जिथं उगम पावला त्याच्याही खाली, साधारण ६ ते १० किलोमीटर खोलीवर, त्यांना वीज सहज वाहून नेणारा पट्टा दिसला. तिथल्या भेगाळलेल्या खडकात द्रव भरलेला असावा, असा त्यांनी अर्थ लावला. हे विहिरीचं पाणी नव्हे. खारट, तापलेलं, केसाएवढ्या फटींत अडकलेलं. वातीत तेल किती थोडं असतं, पण सलग असतं म्हणून ज्योत टिकते. तसंच हे. द्रव थोडा असला तरी फटी एकमेकींना जोडलेल्या असल्या की वीज वाहते. आणि फटीतल्या द्रवाचा दाब वाढला की दोन बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत. ‘स्थिर’ मानलेल्या दख्खनच्या पठारावर असा भूकंप का व्हावा, या प्रश्नाला त्यातून एक धागा मिळाला.

‘असावा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. यंत्राला पाणी दिसत नाही, भेगही दिसत नाही. वीज किती सहज वाहते एवढंच दिसतं. ग्रॅफाइटचा पातळ पापुद्राही तशीच वीज वाहून नेतो. मग भूकंपलहरींचा वेग, गुरुत्वाकर्षणाची मापं, बोअरमधून वर आलेला दगड, असं एकेक समोर ठेवून कुठला अर्थ टिकतो ते पाहावं लागतं. आमच्या नकाशातले लाल-निळे रंग पाहून लोकांना तो फोटो वाटतो. तो फोटो नाही, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगत आले.

उमरग्याकडची एक रात्र सांगते. शेतीची लाईट मध्यरात्री यायची आणि ती आली की ऑटो स्टार्टरवरच्या मोटारी आपोआप सुरू व्हायच्या. पडद्यावर ५० हर्ट्‌झचा असा कल्लोळ उठे की खालचं काहीच ऐकू येत नसे. शेताचे मालक सत्तरीचे. त्यांनी विचारलं, “मोटारी बंद असल्या तर चालंल का?” मी हो म्हटल्यावर ते बॅटरी घेऊन निघाले आणि सात विहिरींवर जाऊन, शेजाऱ्यांना उठवून, मोटारी बंद करून आले. परतल्यावर खड्ड्याशेजारी घोंगडी टाकून बसून राहिले. त्यांची थोरली सून आणि दोन नातवंडं त्र्याण्णवच्या भूकंपात गेली होती. पहाटे त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, परत हलंल तवा हे आदी सांगंल का?” मी म्हटलं, “नाही काका, हे नाही सांगणार. कुणालाच अजून सांगता येत नाही.” ते बराच वेळ वायरीकडं बघत होते. मग म्हणाले, “मग घरं नीट बांधाय पायजेत.” त्या ठिकाणची नोंद माझ्या सगळ्या कामातली सर्वांत स्वच्छ नोंद आहे.

प्रश्न : या यंत्रानं आमच्या रानात बोअरची जागा सापडेल का?
— एक शेतकरी, संगमनेर

उत्तर : त्यासाठी हे यंत्र नको. बोअरचं पाणी शे-दोनशे फुटांत, फार तर त्याच्या दुप्पट-तिप्पट खोलीत लागायचं. मुरमात, दगडाच्या सांध्यांत, दोन लाव्हाथरांच्या मधल्या भुसभुशीत पट्ट्यात. त्याला चार सळया ठोकून, थोडा करंट सोडून करतात ती रोधमापनाची साधी तपासणी पुरते. तीही ‘इथं ओल असण्याची शक्यता जास्त’ एवढंच सांगते. शंभर टक्के पाण्याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका, हे कळकळीनं सांगते.

प्रश्न : मुंबईची चुंबकीय वेधशाळा अलिबागला का नेली?
— अकरावीची विद्यार्थिनी, पनवेल

उत्तर : ट्राममुळं! कुलाब्याला १८४१ पासून चुंबकक्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ चं मोठं सौर वादळ तिथं टिपलं गेलं. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकक्षेत्राचं माप) खाली गेलं होतं, एरवीचे रोजचे चढउतार शंभराच्या आतलेच असतात. मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नोंदी बिघडवणार हे तिथल्या जाणत्यांनी ओळखलं. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं. दोन वर्षं दोन्हीकडं सोबत मोजमाप केलं, म्हणजे जुनी मालिका तुटायला नको. ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची इमारत आपल्या काळ्या दगडाची नाही, पोरबंदरच्या दगडाची आहे, कारण काळ्या दगडात स्वतःचंच चुंबकत्व असतं. सहल काढून बघून ये. आमच्या शेतातल्या मोटारी आणि ती ट्राम, दुखणं एकच.

प्रश्न : कोयनेला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं म्हणतात. मग वरून वीज मोजत बसायची गरज काय?
— एक वाचक, पाटण

उत्तर : भोक वीतभर रुंद, आणि भूकंपाचा टापू कितीतरी किलोमीटरांचा. ३ किलोमीटरचं ते बोअर २०१७ मध्ये पुरं झालं. त्यात काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर होता, खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. त्याआधी कोयनेजवळच्याच रासाटीच्या बोअरमध्ये तो सुमारे ९३० मीटरांवरच लागला होता. वाटेल की तळ वरखाली आहे, पण फरक आहे तो वरच्या जमिनीच्या उंचीचा. समुद्रसपाटीपासून मोजलं तर दोन्हीकडं तळ साधारण ३०० मीटर खाली, बऱ्यापैकी सपाट. बोअर असं पक्कं सांगतं, पण तेवढ्या जागेपुरतं. मधली जागा वरूनच वाचावी लागते आणि ते वाचन बरोबर की चूक हे बोअरच ठरवतं. शिवाय कोयनेचे भूकंप उठतात ते ३ किलोमीटरांच्याही खाली बरेचदा. तिथवर बोअर पोचलेलं नाही, भांडी-वायरींसारखी वरून वाचणारी साधनंच पोचतात. पुढच्या हिवाळ्यात तुमच्या बांधावर कुणी वायर पसरताना दिसलं, तर तेवढा वेळ मोटार बंद ठेवा.