नोकरी सांभाळून जर्मन, जपानी आणि स्पॅनिश एकदम शिकायच्या असतील तर ध्येयं कशी ठरवावीत?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: पुण्यात आयटीत नोकरी, शाळेत दहावीपर्यंत जर्मन (आता बरंचसं विसरलेलं), पुढच्या वर्षअखेरीस जपानी क्लायंटचं काम येण्याची शक्यता, स्पॅनिश निव्वळ आवडीपोटी, रोज दीड तास मोकळा, आणि दोन वर्षांत तिन्ही भाषांत 'फ्लुएंट' व्हायचंय.

'फ्लुएंट' हा शब्द आधी खोडून टाका. तो गाठला की नाही हे कधीच तपासता येत नाही आणि तुमच्या तासांत तो बसतही नाही. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ९ तास. वर्षाचे ५२ नाही, ४४ आठवडे धरा. गणपती, दिवाळी, लग्नं, ताप-खोकला आणि ऑफिसातली रिलीजची धावपळ यांत आठ आठवडे कधी जातात कळतही नाही. म्हणजे वर्षाला ३९६ तास, दोन वर्षांत ७९२. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती पक्की भाषा यावी म्हणून स्पॅनिशला साधारण ३० आठवडे, जर्मनला ३६ आणि जपानीला ८८ आठवडे देते. हे पूर्णवेळ वर्ग असतात. तासांत मोजलं तर अंदाजे ७५०, ९०० आणि २२००. बेरीज ३८५०. तुमच्या वेगाने पावणेदहा वर्षं. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत आणि मराठी माणसाला जपानीत थोडी सूट मिळते, पण पावणेदहाची दोन वर्षं व्हावीत एवढी नाही.

७९२ तासांत काय बसतं? माझ्या मते जर्मन बी१, जपानी एन४ आणि स्पॅनिश ए१. (युरोपीय भाषांच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात; जपानीत उलट, एन५ सगळ्यात सोपी, मग एन४.) जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी संस्था गोएथे इन्स्टिट्यूट बी१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतील असं सांगते. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची रचना २०१० साली बदलली. त्याआधीच्या तिसऱ्या पातळीला, म्हणजे आजच्या एन४ च्या जवळच्या पातळीला, सुमारे ३०० तासांचा अभ्यास धरला जायचा. स्पॅनिश ए१ ला मी ८०-९० तास धरेन.

खरी मेख इथे आहे: तिन्ही भाषांना एकाच जातीचं ध्येय लावायचं नाही. एका वेळी एकच भाषा मुख्य, तिला परीक्षेचं ध्येय. दुसरी हळूहळू पुढे सरकणारी, तिला तासांचं ध्येय. तिसरी फक्त सवयीची, तिला 'एवढं करता आलं पाहिजे' असं एखादं छोटं काम. तिन्हींवर सारखे तीन-तीन तास टाकले की एकही भाषा आठवड्यात इतक्या वेळा समोर येत नाही की मागचं विसरण्याआधी पुढचं बसेल. सहा महिन्यांनी तिन्ही भाषांत 'माझं नाव अमुक, मी पुण्यात राहतो' एवढंच उरतं.

पहिल्या वर्षी जर्मन मुख्य: आठवड्याला साडेपाच तास. जपानीचं काम ऑफिसात येणार असताना जर्मन आधी का, असं वाटेल. पण ते काम पुढच्या वर्षअखेरीस येणार आहे. शिवाय अर्धवट येणारी भाषा फार लवकर गळते. ती ए२ च्या पुढे नेऊन ठेवली की कमी तासांत टिकते. (काम अलीकडे सरकलं, तर दोन्ही वर्षांची अदलाबदल करा, बाकी हिशेब तोच.) पहिले सहा महिने जपानीला साडेतीन तास, स्पॅनिशला शून्य. पुढचे सहा महिने जपानी दीड तास, स्पॅनिश दोन तास. दुसऱ्या वर्षी जपानी मुख्य, साडेपाच तास; जर्मन अडीच, स्पॅनिश एक. बेरीज करून बघा: जर्मन आणि जपानी प्रत्येकी ३५२ तास, स्पॅनिश ८८.

स्पॅनिशला सहा महिने थांबवण्याचं कारण आवडीनावडीचं नाही. दोन भाषा एकाच दिवशी शून्यापासून सुरू केल्या की दोन्हींचे पहिले धडे सारखेच निघतात: आकडे, वार, घरातली माणसं, किती वाजले. एकाच आठवड्यात दोन भाषांतले वार पाठ केले की मंगळवार आणि गुरुवार कायमचे एकमेकांत अडकतात. एक भाषा किमान सहा महिने पुढे असली तर हा गोंधळ बराच कमी होतो. तरीही नव्या भाषेत बोलताना आठवत नसलेल्या शब्दाच्या जागी मराठी शब्द न येता आधी शिकलेल्या परदेशी भाषेतला शब्द येतो. स्पॅनिश बोलताना जर्मन 'उंड' (म्हणजे 'आणि') तोंडात आला तर घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं आणि सरावाने जातं. स्पॅनिशच्या जोडीला पुढेमागे पोर्तुगीज किंवा इटालियन घ्यायचा मोह होईल (गोव्यात आजीकडे जुनी पोर्तुगीज पत्रं असलेल्यांना विशेष). स्पॅनिश बी१ होईपर्यंत तो आवरा. इतक्या जवळच्या दोन भाषा कच्च्या असताना एकत्र शिकल्या तर दोन्हींची खिचडी होते.

आता परीक्षांचं स्वरूप समजून घ्या, कारण ध्येय त्याप्रमाणे बदलतं. गोएथेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार मॉड्यूल असतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि मॉड्यूल सुटे देता येतात. तुमच्यासारख्याला हे फार सोयीचं आहे. पहिल्या वर्षअखेर ए२ द्या. दुसऱ्या वर्षी आधी वाचन आणि श्रवण, काही महिन्यांनी लेखन आणि संभाषण. लेखनात एका तासात तीन मजकूर लिहायचे असतात: सुमारे ८० शब्दांची मित्राला मेल, ८० शब्दांत एखाद्या विषयावर मत आणि ४० शब्दांची औपचारिक मेल. म्हणून 'व्याकरण सुधारायचं' हे ध्येय नको. 'दर शनिवारी २० मिनिटांत, शब्दकोश न उघडता, ८० शब्दांची एक मेल' हे ध्येय ठेवा. झालं की नाही ते रविवारी सकाळी कळतं.

जेएलपीटीत बोलणं आणि लिहिणं नाहीच. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. एन४ ला १८० पैकी ९० गुण लागतात, पण त्यातही भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ हवेतच. एका विभागात कमी पडलात तर एकूण कितीही असले तरी नापास. कांजी (चिनीवरून आलेली चित्राक्षरं) घोकत बसून श्रवणात अडकणारे बरेच असतात. आणि एन४ पास झालात तरी क्लायंटच्या कॉलवर तोंड उघडेल याची हमी नाही. त्यासाठी वेगळं ध्येय लिहा: दोन मिनिटांत स्वतःची आणि प्रोजेक्टची ओळख, 'पुन्हा एकदा सांगाल का' हे सभ्य भाषेत, आणि आकडे. आकड्यांवर थोडं थांबतो, कारण आपली गडबड तिथेच होते. जपानी मोजणी दहा हजारांच्या, म्हणजे 'मान'च्या, गटात चालते. आपला एक लाख म्हणजे दहा मान, आपली एक कोटी म्हणजे हजार मान, आणि त्यांचं एक 'ओकू' म्हणजे आपले दहा कोटी. रोज दहा आकडे ऐकून लिहायचे, दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत. एवढंच ध्येय एक महिना पुरतं.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी जुलैत एन५, डिसेंबरात एन४. जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीकडे येतो, त्याची वाट बघत डिसेंबरचा अर्ज चुकवू नका. एन५ नसतानाही एन४ ला बसता येतं.

जपानीची पहिली पायरी मात्र लगेच ठरवून टाका: दोन आठवड्यांत हिरागाना, पुढच्या दोनांत काताकाना (या जपानीच्या दोन उच्चारलिपी), प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आणि पाचव्या आठवड्यापासून रोमन लिपी बंद. इथे आपली सूट सुरू होते. त्यांच्या अक्षरांचा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण तो भारतीय वर्णक्रमावरून गेला: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. क्रियापद शेवटी, आणि 'ला', 'त', 'हून' सारखे प्रत्यय नामाच्या मागे, हेही घरचंच. म्हणून जपानी वाक्य मनात मराठीतून रचा, इंग्रजीतून नको. जर्मनमध्येही 'की' आणि 'कारण' यांच्या पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तिथेही मराठी कामाला येते. 'चमचा' या शब्दातला च ('त्स'सारखा) नीट म्हणता येत असेल तर जर्मनचं झेड आणि जपानी 'त्सु' वर वेळ घालवू नका. जर्मनमध्ये तीन लिंगं बघून इतर लोक दचकतात. आपल्याला कल्पना नवी नाही, पण मराठीतलं लिंग तिकडे लावायची खोड लागते. नाम नेहमी आर्टिकलसकटच (लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, डास सकट) पाठ करायचं, त्यात सूट नको.

कांजीचं उद्दिष्ट आठवड्यात मोजा. एन४ पर्यंत साधारण ३०० लागतात (अधिकृत यादी २०१० नंतर नाही, हा जुन्या यादीवरचा अंदाज). दुसऱ्या वर्षाचे ४४ आठवडे आणि पहिल्या वर्षातल्या शेवटच्या सोळा आठवड्यांत सुरुवात, म्हणजे ६० आठवडे, आठवड्याला पाच.

शब्दांसाठी अँकी (कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप) वापरणार असाल तर सावध. तीन भाषांचे तीन डेक, प्रत्येकात रोज दहा नवे शब्द, असं लोक उत्साहात ठरवतात. रोजची उजळणी नव्या शब्दांच्या सात ते दहा पट होत जाते. तीस नवे म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत रोज दोनशे ते तीनशे कार्डं, पाऊण तास त्यातच. दीड तासातला अर्धा वेळ गेला, ऐकणं-बोलणं शून्य, आणि चार दिवस गावाला जाऊन आलात की हजार कार्डं साचलेली. मुख्य भाषेत रोज दहा, दुसरीत तीन-चार, तिसरीत नवे शब्द फक्त शनिवारी. उजळणी पंचवीस मिनिटांच्या वर गेली की नवे शब्द बंद, उजळणी चालू.

क्लास एकाच भाषेचा लावा, मुख्य असेल तिचा. पहिल्या वर्षी बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवनात (म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटमध्येच) पातळी तपासून घ्या. दहावीच्या जर्मनमुळे कदाचित ए१ चा काही भाग वाचेल. वाचला तर फी आणि महिने दोन्ही वाचले. जपानीला पुण्यात शिक्षकांची वाण नाही, रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या विभागातही चौकशी करा. दोन भाषांचे संध्याकाळचे क्लास एकत्र लावले तर गृहपाठ दोन्हींचा बुडतो.

नोंद साधी ठेवा. वहीत आठवड्याला एक ओळ: भाषा, ठरवलेले तास, झालेले तास, काय करता आलं. रविवारी पंधरा मिनिटं. महिन्याच्या शेवटी मोबाइलवर प्रत्येक भाषेत दोन मिनिटं, त्याच विषयावर, रेकॉर्ड करा. सलग दोन आठवडे ठरवल्याच्या ६० टक्क्यांखाली गेलात तर पुढच्या आठवड्यात भरपाई करायला जाऊ नका, उद्दिष्टच कमी करा. कापायचा क्रमही आजच लिहून ठेवा: आधी स्पॅनिश, मग दुसऱ्या भाषेचे नवे शब्द, मुख्य भाषा सगळ्यात शेवटी. अगदीच वाईट आठवड्यासाठी किमान डोस: मुख्य भाषेची रोज पंधरा मिनिटं उजळणी, आणि दुसरीचं आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ऐकणं, बस किंवा मेट्रोत चालेल. स्पॅनिश त्या आठवड्यात पूर्ण बंद राहिली तरी हरकत नाही. तिला परीक्षेची तारीखच नाही, म्हणून तर तिला तिसरा नंबर दिला.