दोन शाळांमधून एक निवडताना

ताई, दोन्ही शाळांची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि शाळा भरलेली असताना बालवर्गात अर्धा तास बसू द्या म्हणून विचारा. ‘बाहेरूनच बघा’ म्हणणाऱ्या शाळेबद्दल माझं मन तिथेच फिरतं.

बसलात की बाईंकडे लक्ष ठेवा. आपल्याकडे बरीच पोरं घरी अहिराणी बोलतात. एखादं लेकरू ‘माले पानी दे’ म्हणालं, तर बाई आधी पाणी देतात की आधी इंग्रजीत म्हणायला लावतात? तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मला यापेक्षा मोठी कसोटी वाटत नाही. भाषा हळूहळू येते, पण एकदा बोलायची भीती बसली की लवकर जात नाही. जुन्या बाई किती वर्षं टिकून आहेत, हेही विचारा.

मग वर्गाचं छत बघा. पत्र्याखाली जळगाव-भुसावळचा एप्रिल लहान जीवाला सोसवत नाही. संडास स्वतः उघडून पाहा. रिक्षात किती मुलं कोंबतात, ते सुटीच्या वेळी फाटकाशी उभं राहून कळेल.

फीचं सगळं लेखी मागा: गणवेश, पुस्तकं, स्नेहसंमेलन, सगळं धरून. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, देणगीही. कुणी मागितली तर स्पष्ट नाही म्हणा.

दोन्ही सारख्याच वाटल्या, तर घराजवळची घ्या.