ढेपूचा कान वानराने नेला, आता काय करू?

नमस्कार ताई,
आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्याजवळ एक कापडी अस्वल आहे, गुळाच्या ढेपेसारखा रंग म्हणून आजोबांनी त्याचं नाव ढेपू ठेवलं आणि तेव्हापासून तो आमच्या घरचा सहावा मेंबरच झाला. थंडी ओसरली तशी आम्ही दर रविवारी कुठं ना कुठं जाऊन राहिलो आणि ढेपू सगळीकडे सोबत. वसंत पंचमीला त्याला पिवळा रुमाल पाहिजे होता. काटोलकडे मामेसासऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो, मृग बहाराची संत्री उतरत होती, तिथं हिने त्याला एकेक फोड "चारली", पोटावर तो डाग अजून आहे. फुटाळा तलावावर कणसाचं तिखट-लिंबू सांडलं ते वेगळंच. आणि मागच्या रविवारी रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्यांवर एका वानराने तो हिच्या हातातून ओढला, भिंतीवर जाऊन बसलं, हुंगलं, काखेत पाहिलं, खायचं काही नाही म्हटल्यावर कान फाडून खाली फेकून दिला. पोरगी दोन दिवस रडून राहिली. सासूबाई म्हणतात आता पुरे, फेका ते ध्यान, पोरगी तर त्याला शाळेतही घेऊन जाईन म्हणते. वरून होळी तोंडावर आली. सवय मोडू का? आणि तो धुऊ कसा?
— एक आई

अगं, आधी मला एक सांग, वानराने ओढलं तेव्हा पोरीच्या हाताला नख-दात लागले का? तू लिहिलंच नाहीस आणि माझा जीव तिथेच अडकला. बारीक ओरखडा जरी दिसला असेल तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, रेबीजची लस लागते का ते तेच ठरवतील. आता चार-पाच दिवस झाले असले तरी जा, उशीर झाला म्हणून घरी बसू नको. हळद-चुना काही लावू नको बापा. लागलंच नसेल तर उत्तम, पुढं वाच.

सवय मोडायची काही गरज नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही होते, त्यांनी १९५१ मध्येच हे मांडलं की आईपासून थोडं थोडं सुटं व्हायला शिकताना लेकरू अशी एखादी वस्तू धरून ठेवतं, गोधडीचा कोपरा असो की अस्वल. म्हणजे ती वस्तू तुझ्या पोरीला चिकटू बनवत नाही, उलट तुझा पदर सोडायला मदत करून राहिली. आणि त्यांचंच म्हणणं की ती वस्तू बदलायची तर लेकरानेच, मोठ्यांनी नाही. म्हणून गुपचूप तसंच दुसरं अस्वल आणून ठेवायचा उद्योग करू नको, वासावरून पकडते ती.

फेकायचं तर नावच काढू नको. मी केलंय हे. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या लेकाचा उंट भंगारवाल्याला दिला, पाय तुटलेला, भुसा निघालेला, मला वाटलं त्याच्या लक्षातही येणार नाही. आज तो बावीस वर्षांचा आहे आणि काही वाद झाला की अजून म्हणतो, "तू तर माझा उंट विकला होता!" सासूबाईंना हे वाचून दाखव. त्यापेक्षा त्यांनाच कामाला लाव, जुन्या लुगड्याचा तुकडा काढून ढेपूचा कान त्यांनीच शिवावा. रंग जुळला नाही तर नाही जुळला, पोरीला शेजारी बसव, दोरा तिला निवडू दे. वानराने नेलेला कान आणि आजीने लावलेला कान, ही गोष्ट ती वर्षभर सांगत फिरेल बघ. आतला कापूस निघाला असेल तर गादीवाल्याकडून मूठभर आणा. सध्या काटेसावर लाल फुलांनी भरली आहे, तिची बोंडं उन्हाळ्यात फुटतील, तो कापूस भरायला मऊ असतो, पण त्यासाठी ढेपूला दोन महिने रिकाम्या पोटी ठेवू नको.

धुवायचं म्हणशील तर आधी शिवण, मग पाणी, नाहीतर आतला कापूस बाहेर. उशीच्या खोळीत टाकून तोंड बांधायचं, थंड पाणी, थोडं सौम्य डिटर्जंट, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. पोटावरच्या डागाला आधी साबण लावून ठेव, जाईलच असं नाही, राहू दे. वाळवायला मात्र घाई नको, वरून कोरडा लागतो आणि आतला कापूस ओला राहतो, मग कुबट वास मारतो. आपल्याकडे मार्चच्या उन्हात दुपारभरात वाळेलसं वाटतं पण कडक उन्हात रंग उडतो, सावलीत वाऱ्यावर दोन दिवस टांग. टांगताना पोरीला विचारून टांग, कानाने टांगलेला तिला चालायचा नाही.

होळीला सोपं आहे. धुळवडीच्या दिवशी ढेपू खिडकीत बसून "पाहील". पळसाची फुलं रात्रभर भिजवून केलेला रंग असला तरी कापडाला धरतो, आणि बाजारातला तर काही विचारूच नको. त्याच्या कपाळाला गुलालाचं बोट मात्र लावू दे, तेवढं चालतं.

शाळेचं असं करा, ढेपू शाळेच्या फाटकापर्यंत येईल आणि गाडीत वाट पाहील. फिरायला जाताना नियम एकच, वानरं असतील तिथं तो पिशवीत, चेन लावून, आणि हातात फुटाणे-शेंगदाण्याची पुडी नाही. रामटेकची वानरं पिशवीचा आवाज ओळखतात, मी स्वतः एकदा नारळ गमावून आलेय.

प्रश्न : भावाला बाळ झालं, दोन महिन्यांचं. पाळण्यात ठेवायला मोठा टेडी नेऊ का? — आत्या, धरमपेठ

नेऊ नका आत्याबाई. वर्षाच्या आतल्या लेकराजवळ झोपताना मऊ खेळणं, उशी काही नको, नाका-तोंडावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही. द्यायचाच हट्ट असेल तर पहिल्या वाढदिवसाला द्या, त्यावर आयएसआय मार्क पाहून घ्या, २०२१ च्या १ जानेवारीपासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. डोळे बटणाचे नकोत, दोऱ्याने विणलेले बघा. तोवर झबली न्या, ती कितीही कमीच पडतात.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, हॉस्टेलला राहतो, लहानपणचा कापडी ससा अजून उशाखाली असतो. रूम पार्टनर हसतात. — एक ससाप्रेमी

त्यांच्या बॅगा तपासा. एखाद्याकडे आईची ओढणी निघेलच.