वगळलेला पोरगा कुठे जातो?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

हरारेच्या अकादमीत फलंदाजीचा साहाय्यक कोच म्हणून चाललास, छान झालं. आपल्याकडचा तू पहिला नाहीस. मुंबईचे लालचंद राजपूत आधी अफगाणिस्तानचे आणि 2018 ते 2022 झिम्बाब्वेचे प्रशिक्षक होते. तू विचारलंस, तिकडच्या पोरांत टॅलेंट कितपत असेल? त्याची काळजी करू नकोस. टॅलेंट पुरून उरेल एवढं आहे. अडतं ते पुढे.

2001 सालातल्या दोन पोरांचं उदाहरण घे. जुलैत हरारेला वेस्ट इंडिजविरुद्ध झिम्बाब्वेच्या हॅमिल्टन मसाकाद्झानं कसोटी पदार्पणात 119 धावा केल्या. वय सतरा, अजून चर्चिल शाळेत शिकत होता. पदार्पणात शतक करणारा तोवरचा सगळ्यात लहान फलंदाज. हा विक्रम दीड महिनाही टिकला नाही. सप्टेंबरात कोलंबोत बांगलादेशच्या मोहम्मद अश्रफुलनं पदार्पणातच 114 केल्या. तोही सतराचा, पण मसाकाद्झाहून काही महिन्यांनी लहान. समोर श्रीलंकेचे मुरलीधरन आणि वास, आणि पहिल्या डावात त्याचा संघ 90 मध्ये गुंडाळलेला. कसोटीतला सर्वांत लहान शतकवीर आजही तोच.

आता पुढचं बघ. अश्रफुलचं दुसरं कसोटी शतक आलं 2004च्या डिसेंबरात, आपल्याविरुद्ध, चितगावला. मसाकाद्झाचं आलं थेट 2011 मध्ये! अश्रफुल 61 कसोटी खेळला आणि सरासरी राहिली 24. फिक्सिंगचं प्रकरण नंतरचं, ते बाजूला ठेव. इतकी वर्षं एवढा गुणी फलंदाज चोविसावर का अडकतो, हा प्रश्न तुझ्या कामाचा आहे.

माझं मत सांगतो. बांगलादेशला कसोटी दर्जा मिळाला 2000 मध्ये आणि त्यांच्या राष्ट्रीय लीगला प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला त्याच हंगामात. म्हणजे छप्पर आधी आणि भिंती मागाहून. अश्रफुल बाद व्हायचा तो जगातल्या उत्तम गोलंदाजांसमोर, भर टीव्हीवर, आणि चूक दुरुस्त करायची तीही तिथेच. मसाकाद्झाचं उलटं. तो मध्ये शिकायला दक्षिण आफ्रिकेत गेला, परत आला तर 2004च्या खेळाडूंच्या बंडानं संघ विस्कटलेला, आणि 2006च्या सुरुवातीपासून साडेपाच वर्षं झिम्बाब्वे कसोटीच खेळला नाही. एकाला नुसत्याच मॅचेस, दुसऱ्याला मॅचच नाही. पडायला आणि सावरायला मधली जागा दोघांनाही नव्हती.

आपल्या मुंबईत ती जागा आयती मिळते म्हणून आपल्याला तिची किंमत नाही. रणजी संघातून डच्चू मिळालेल्या पोराला टाइम्स शिल्ड आहे, पोलीस शिल्ड आहे, पावसाळ्यात कांगा लीग आहे. ओली खेळपट्टी, वाढलेलं गवत, आणि समोर चाळिशीतला बँकेतला स्पिनर, जो याला एक धाव फुकट देणार नाही. खडूसपणा तिथे अंगात भिनतो, कसोटीत नव्हे. हरारेला तुला मोजक्या संघांची लोगन कप मिळेल, तिकडची प्रथम श्रेणी स्पर्धा. तेच गोलंदाज, त्याच खेळपट्ट्या. उरलेलं काम नेट्समध्ये करून घ्यावं लागेल.

म्हणून एक गोष्ट नेमानं कर. दुपारी जेवणानंतर पोरं सुस्तावतात, तेव्हा नेट लाव. बोलिंग मशीन बंद. साठ षटकं वापरलेला जुना चेंडू आणि साइडआर्म, म्हणजे चेंडू फेकायचा तो लांब दांडा. धावा मोजायच्या नाहीत. सोडता आला असता तो चेंडू किती वेळा खेळला, तेवढंच वहीत टिपायचं. बहुतेक पोरं पहिली वीस मिनिटं शहाण्यासारखी सोडतात, मग हात शिवशिवतात आणि ऑफस्टंपबाहेर बॅट जाते. ते नेमकं कितव्या मिनिटाला होतं, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. तुझं कोचिंग त्या मिनिटापासून सुरू. आखूड चेंडूसाठी टप्प्यावर ग्रॅनाइटची फरशी टाक, हा आपला जुना उपाय तिकडेही चालेल.

कौतुक जपून कर. सतत हरणाऱ्या संघात चाळीस धावांचाही सत्कार होतो आणि पोरगं चाळिसातच रमतं. मे 2025 मध्ये ट्रेंट ब्रिजला इंग्लंडविरुद्ध झिम्बाब्वेच्या ब्रायन बेनेटनं 139 केल्या, संघाच्या 265 पैकी. वय 21. काय फटके होते! पण सामना डावानं गेला, तोही तिसऱ्याच दिवशी. असा डाव खेळलेल्या पोराच्या खांद्यावर लगेच सगळा संघ ठेवतात. तसं होऊ देऊ नकोस, निदान तुझ्या नेटमध्ये तरी.

उलट बांगलादेशचा मुशफिकुर रहीम बघ. 2005 मध्ये मिसरूड न फुटलेला पोरगा लॉर्ड्सवर उतरला, पहिल्या डावात 19 केल्या. नंतरची दोन वर्षं कसोटी संघात तुरळकच दिसला, 2007 मध्ये कोलंबोत 80 करून परतला. पहिलं शतक 2010 मध्ये, आणि 2013 मध्ये गॉलला बांगलादेशचं पहिलं द्विशतक त्याचंच. पाठीशी ढाक्याजवळच्या सावर इथल्या क्रीडा प्रतिष्ठानची शिस्त होती, हेही खरं.

आणि हो, कोणी इंग्लंडला काउंटीत जातो म्हणाला तर तोंड वाकडं करू नकोस. झिम्बाब्वेचा वेगवान गोलंदाज ब्लेसिंग मुझरबानी 2018 मध्ये नॉर्दम्प्टनशायरला गेला तेव्हा गेलाच असं वाटलं होतं. परत आला, आणि 2025 मध्ये बांगलादेशविरुद्ध सिल्हेटच्या कसोटी विजयात नऊ बळी घेतले. पगाराची शाश्वती शोधणाऱ्या पोराला देशप्रेम शिकवायला आपण कोण?

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात गेल्या तीन वर्षांत 19 वर्षांखालील आणि मुख्य संघातून वगळलेल्यांची नावं मागून घे. प्रत्येकापुढे तो आज कुठे खेळतो ते लिही. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही, त्याला आधी फोन कर. नेटला बोलाव. मानधनाची गोष्ट तुझ्या हातात नाही, पण मुख्य कोचच्या कानावर घाल. साइडआर्म इथूनच दोन-तीन घेऊन जा, बॅगेत सहज मावतात. वही मात्र जाड घे.

तुझा,
सर