आधी त्याला विचार

प्रिय मित्रा,

तुझा मेल रात्री दोनदा वाचला. पोलंडमधल्या कातोवित्सेच्या त्या मुलाने त्याचा फोटो मागे घ्यायला सांगितलाय आणि समलिंगी पुरुषांच्या फोटोंचं तुझं प्रदर्शन आठवड्यावर आलंय. ‘सर, माझ्याकडे त्याची सही आहे,’ असं तू लिहितोस. सही! अरे, सही मार्चमध्ये केली होती त्याने. आज नाही म्हणतोय ना, मग आज नाही.

फोटो पाहिला. बाकीच्या फोटोंतले अकरा जण उघड्या छातीने, हाताची घडी घालून उभे आहेत. सगळे सारखेच दिसतात, पुरुष म्हणून उभं राहायला कुणीतरी शिकवल्यासारखे. हा एकटा शर्टाचं वरचं बटण लावून बसलाय आणि उजव्या हाताने स्वतःच्याच डाव्या हाताची बोटं घट्ट धरलीत. तुझं सगळं काम त्या बोटांत आलंय, मला कळतंय. तरीही विचार त्याला. ‘का काढायचा’ म्हणून हुज्जत घालू नकोस. तुला काय हवंय, एवढंच विचार.

तू कुठे राहतोस ते जरा आठव. पोलंडमध्ये १९३२ पासून समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. तरी १९८५ ते १९८७ मध्ये तिथल्या मिलिशियाने, म्हणजे तेव्हाच्या पोलिसांनी, समलिंगी पुरुषांविरुद्ध ‘हायसिंथ’ मोहीम चालवली. माणसं उचलली, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले, सुमारे ११ हजार जणांच्या फायली केल्या. त्यातला एक तरी फोटो विचारून काढला असेल का? त्याच सुमारास ग्दान्स्क शहरात रिशार्ड किशेल हा समलिंगी कार्यकर्ता मित्रांना घरात जमवून, नटवून रंगीत स्लाइड्स काढत होता. ते मित्र आपणहून आले होते. तो मोकळेपणा विचारल्याशिवाय येत नाही रे! २००३ मध्ये छायाचित्रकार कारोलिना ब्रेगुवाने ३० समलिंगी जोडप्यांना हातात हात घालून हिवाळ्यातल्या रस्त्यावर उभं करून फोटो काढले. त्यांची होर्डिंगं लागली, लोकांनी ती विद्रूप केली. पण होर्डिंगवर जायला ती जोडपी स्वतः तयार झाली होती. तुझा मुलगा आज तयार नाही.

आणि चेहरा सावलीत टाकायचा तुमच्या प्राध्यापकांचा सल्ला अजिबात ऐकू नकोस. अर्धा चेहरा झाकला की माणूस आरोपी दिसतो.

मी एवढा का चिडतोय? १९९७ साली मी माझ्या एका मित्राचा फोटो असाच लावला. तेव्हा आपल्याकडे कलम ३७७ होतं, समलिंगी संबंध गुन्हा होता. चहा पिता पिता तो ‘लाव की’ म्हणाला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, आवाज पडलेला होता. मी म्हटलं, आता फ्रेम झाली. हॉल मिळायला दोन वर्षं लागली होती, फ्रेमांचे पैसे उधार होते, आणि फोटो चांगला होता, आजही म्हणतो. हे सगळं खरंच आहे. त्याच्या मेव्हण्याने तो पाहिला. दर रविवारी माझ्या घरी येणारा माझा तो मित्र, पुन्हा कधीच आला नाही. मी एकदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

उद्या सकाळी त्याला फोन कर. मग उरलेल्या अकरा जणांनाही कर. त्यांनाही मार्चनंतर कुणी विचारलेलं नाही.

आणि तो फोटो मला पाठवण्याआधीही त्याला विचारायला हवं होतंस. माझ्याकडचा मी पुसून टाकलाय.

तुझा,
सर