चार्जिंग संपल्यावर इलेक्ट्रिक गाडी चार्जिंग स्टेशनवरच लावून ठेवता येते का? पार्किंगचे वेगळे पैसे पडतात का?

नाही, चार्जिंग संपलं की गाडी लगेच हलवायची. आणि हो, स्टेशन मॉलच्या किंवा ऑफिस-इमारतीच्या पार्किंगमध्ये असेल तर पार्किंगचे पैसे बहुतेकदा वेगळेच पडतात. मी रोज इलेक्ट्रिक गाडी चालवतो. चार्जिंगचं बिल वापरलेल्या युनिटवर येतं, जागेचं भाडं त्यात धरलेलं नसतं. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ऑगस्ट 2025 मध्ये टेस्ला या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं स्टेशन सुरू झालं, तिथे जाहीर झालेला दर जलद चार्जरला युनिटमागे 24 रुपये आणि संथ चार्जरला 14 रुपये होता. तिसरा खर्च लोकांच्या लक्षातच येत नाही: जागा अडवल्याचा आकार, म्हणजे चार्जिंग संपूनही गाडी तिथेच ठेवल्याचं शुल्क. टेस्लाच्या अमेरिकेतल्या नियमात स्टेशन निम्मं भरलेलं असेल तर मिनिटाला अर्धा डॉलर आणि पूर्ण भरलेलं असेल तर एक डॉलरपर्यंत लागतो. पाच मिनिटांत गाडी काढली तर तो माफ होतो. मला हा नियम अगदी रास्त वाटतो, कारण मागे थांबलेल्याची बॅटरी कदाचित पाच टक्क्यांवर आलेली असते. जलद चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग खूप मंदावतो, म्हणून पुढचा प्रवास तेवढ्यात होत असेल तर तिथेच प्लग काढा. चार्जिंग संपल्याचं कळावं म्हणून कंपनीच्या अॅपवर नोटिफिकेशन चालू ठेवा.

मात्र हे दर आणि सवलतीची मिनिटं कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे प्लग लावण्याआधी अॅपवरचा दर आणि पार्किंगच्या दारावरचा फलक दोन्ही वाचा.