मागचं सील आणि निवृत्तीचे पैसे

प्रश्न: माझी १९९१ ची माझदा एमएक्स-५ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी ऑइल गाळते. मेकॅनिक म्हणतो, क्रँकचं (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं, ऑइल अडवणारं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्च माझ्या दीड पगाराएवढा. कार्डावर करू (व्याज महिना ३ टक्के), की बँकेतली दोन पगारांची शिल्लक मोडू? तीन वर्षांपूर्वी दहा पगार घालून गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, आठ वर्षांत दुप्पट होईल, म्हणून निवृत्तीसाठीची मासिक गुंतवणूक थांबवली. एक्स्टेंडेड वॉरंटीपायी वर्षाला पाव पगार जातो.

उत्तर: कार्डही नको, शिल्लकही नको. सील गेलंय हे अजून सिद्ध कुठे झालंय? या इंजिनात कॅम अँगल सेन्सर (ठिणगीची वेळ ठरवायला लागणारा सेन्सर) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला असतो. त्याची ओ-रिंग (रबरी कडी) वयानं कडक झाली की ऑइल मागून ओघळतं आणि सील गेल्यावर जिथं ठिबकेल नेमकं तिथंच ठिबकतं. व्हॉल्व्ह कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गास्केटही असंच फसवतं. इंजिन धुवून घ्या, ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घाला, गाडी फिरवून आणा आणि यूव्ही टॉर्चनं सगळ्यात वरची ओली जागा शोधा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) तुंबलाय का तेही बघा. तुंबला असेल तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या पोटातला) दाब नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलेल. सीलच निघालं, तर क्लच त्याच वेळी तपासून घ्या. मजुरी गिअरबॉक्स उतरवायचीच असते, ती दोनदा कशाला द्यायची?

आता तुम्ही न विचारलेलं. वॉरंटीचा कागद काढा आणि काय काय वगळलंय ते वाचा. जुन्या गाड्यांच्या अशा करारांत सील, गास्केट आणि झीज बहुतेक वेळा बाहेरच असतात. तुमच्याही कागदात तसंच असेल तर रद्द करा. तीस वर्षं उलटलेल्या गाडीत झीज सोडून दुसरं जातं तरी काय?

आणि ते ‘दुप्पट’. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ९ टक्के. धरू या की झालंच तसं: दहाचे वीस पगार, फायदा दहा. टायर, विमा, सर्व्हिस, पार्किंग यांत वर्षाला पाऊण पगार जातो असं धरा, वॉरंटीचा पाव. आठ वर्षांत आठ पगार गेले. ही दुरुस्ती दीड. उरला अर्धा पगार, तोही विकणाऱ्याचा शब्द खरा ठरला तर. एमएक्स-५ दुर्मीळही नाही. २०१६ मध्येच मॉडेलच्या सगळ्या पिढ्या मिळून उत्पादनानं दहा लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला होता.

गाडी ठेवा, छान आहे, पण छंदाच्या खात्यात. थांबवलेली गुंतवणूक याच महिन्यात सुरू करा, तीन वर्षं आधीच गेली आहेत. वॉरंटीचा पाव पगार बँकेतल्या दोन पगारांत घाला आणि ती शिल्लक सहा पगारांवर जाईपर्यंत तिला हात लावू नका. गळती सापडेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी डिपस्टिकवर ऑइलची पातळी बघा.